पर बॉक्स एक रुपया

नाशिकला वाइनची राजधानी म्हणतात. आमच्या कंपनीची वर्षातली एखादी तरी पार्टी गंगापूर धरणाकडच्या द्राक्षमळ्यांत होते, आणि माझ्या हातातल्या लिंबूसरबताकडे बघून कुणीतरी हमखास म्हणतं, "मानलं बुवा तुम्हाला, काय कंट्रोल आहे!" मला हसू येतं. दारू घरात कधी आली नाही, तिचा वाससुद्धा मला सोसत नाही. ज्याची ओढच नाही ते टाळण्यात कसला आलाय कंट्रोल? जे गुनाह आपल्याला मुळातच आवडत नाहीत त्यांच्यापासून लांब राहायचं आणि स्वतःला परहेजगार (पापापासून दूर राहणारा) म्हणवून घ्यायचं, हा धंदा फार स्वस्तातला आहे.

माझा मोह तपकिरी रंगाचा होता, पाच पदरी होता आणि टेम्पोतून यायचा. अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी परचेस बघतो. आमचा माल म्हणजे इलेक्ट्रिकचे सुटे भाग. ते ज्या कोरोगेटेड खोक्यांत भरून जातात ती खोकी, आतले कप्पे, टेप, लाकडी पॅलेट, अशी पॅकिंगची सगळी खरेदी माझ्या टेबलावरून होते. तीन कोटेशनं मागवायची, तुलनेचा तक्ता करायचा, वरिष्ठांची सही घ्यायची, पीओ (खरेदीची ऑर्डर) काढायची. बघायला गेलं तर कारकुनीच. पण ताकद कुठे दडलेली असते ते सप्लायर लोकांना बरोबर कळतं. कुणाचं बिल अकाउंट्सकडे आधी सरकवायचं, कुणाचा लॉट जरा जास्तच बारकाईनं तपासायचा, एकाचा दर दुसऱ्याच्या कानावर कसा जाऊ द्यायचा, हे सगळं त्या टेबलावर असतं आणि कुठल्याच कागदावर नसतं.

२०२५ चा रमजान २ मार्चला लागला आणि ३१ मार्चला ईद झाली. कारखान्यात काम केलेल्याला यातली गंमत वेगळी सांगायला नको. मार्च म्हणजे इयर एंडिंग, स्टॉकची मोजणी, ऑडिटरच्या चकरा आणि १ एप्रिलपासूनचे नवे दर-करार. सप्लायर वर्षभरात ज्या महिन्यात सगळ्यांत गोड बोलतात नेमका तोच महिना उपाशीपोटी काढायचा होता.

खोक्यांचा एक जुना सप्लायर पहिल्याच आठवड्यात आला. (तो हिंदू की मुसलमान हे मुद्दाम सांगत नाही. या कामात मला दोन्हीकडचे भेटलेत आणि बोलण्याची पद्धत दोघांची एकच.) बसला, पाण्याला हात लावला नाही, "तुमचा रोजा असेल" म्हणाला. मग विचारलं, "अम्मींच्या उमऱ्याचं कुठवर आलं?" हिवाळ्यात कधीतरी टपरीवर चहा घेताना मीच बोललो होतो की अम्मीला उमऱ्याला, म्हणजे मक्केच्या यात्रेला, पाठवायचंय, पण लाखाच्या आसपास खर्च आहे आणि जमत नाही. ते त्याच्या बरोबर लक्षात. "एवढा काय विचार करता साहेब? पर बॉक्स एक रुपया आपण बाजूला टाकत जाऊ. कुणाला काही कळायचा प्रश्न नाही. वर्षात अम्मी जाऊन येतील. तेवढंच पुण्य आम्हालाही."

महिन्याला आमची दहा-बारा हजार खोकी लागतात. हिशेब त्यानं घरूनच करून आणला होता.

मी म्हणालो, "रोजा आहे माझा, असलं बोलणं नको." त्यानं लगेच दोन्ही कानांना हात लावला. "चुकलं साहेब. ईदनंतर बोलू."

तो गेल्यावर मला आधी हसू आलं आणि नंतर घाम फुटला. रोजा ढाल आहे असं हदीसमध्ये, म्हणजे पैगंबर साहेबांच्या नोंदवलेल्या वचनांत, आहे, कुणी भांडायला आलं तर 'मी रोजादार आहे' असं सांगा असंही आहे. पण मी ती ढाल अशी पुढे केली होती की समोरच्यानं तिच्यावर तारीख वाचली. माझ्या 'नाही'ची मुदत ३१ मार्चला संपत होती, आणि हे त्याला माझ्या आधी समजलं होतं.

पुढचे काही दिवस डोक्यात एकच चित्र. अम्मी मुंबईच्या विमानतळावर, गळ्यात टूरवाल्याची ती ओळखपत्राची पिशवी, आणि मागे वळून हात हलवतेय. कामात, बाइकवर द्वारका चौकाच्या सिग्नलला थांबलेलो असताना, वजू करताना, तेच. यात गुनाह कुठे दिसतोय? कुणाला दिसणार नाही. मलाही दिसत नव्हता, दिसत होती ती खिदमत. आईची खिदमत आणि अल्लाहच्या घराची जियारत, याहून नेक काम कोणतं?

मला वाटतं मोह ओळखण्यातली खरी अडचण इथेच आहे. लहानपणी मदरशात शैतानाचं जे चित्र मनात बसतं त्यात तो शिंगंबिंगं घेऊन येतो आणि म्हणतो, चल, पाप करू. असा आला तर दाराबाहेरूनच हाकलू की. माझ्याकडे तो टोपी घालून आला आणि काब्याचं तिकीट दाखवू लागला. कुरआनच्या सातव्या सूरतमध्ये इब्लीस, म्हणजे शैतान, आपला बेतच सांगून ठेवतो: मी यांच्यावर पुढून येईन, मागून येईन, उजवीकडून येईन, डावीकडून येईन. उजवीकडून, म्हणजे नेकीच्या बाजूनं, हे त्यात आलंच.

पण मग एक कोडं पडलं. बुखारी आणि मुस्लिम या हदीसच्या दोन्ही संग्रहांत आहे की रमजान आला की जन्नतचे दरवाजे उघडतात, जहन्नमचे बंद होतात आणि शैतानांना जखडून टाकतात. तो जखडलेला असेल तर माझ्या डोक्यात रोज बोलतंय कोण?

जुन्या नाशकात आमच्या मोहल्ल्याच्या मशिदीत जे हाफिजसाहेब तरावीह, म्हणजे रमजानमधली रात्रीची नमाज, पढवतात, त्यांना एका रात्री गाठलं. तरावीह संपली की दूध बाजार, चौक मंडईकडे जी गर्दी उसळते तिच्यात माणूस बोलू शकत नाही, म्हणून मशिदीच्या हौदापाशीच थांबवलं. सप्लायरचं काही सांगितलं नाही, नुसता सवाल विचारला. ते हसले आणि म्हणाले, "बेटा, जंजीर उसको लगी है, तेरे को नहीं."

मग नीट समजावलं. बाहेरून कुजबुजणारा एक, त्याचं काम वसवसा. कुरआनची शेवटची सूरत आहे ती त्याच्यापासूनच पनाह मागणारी, आणि तिथे त्याला 'खन्नास' म्हटलंय, म्हणजे अल्लाहचं नाव घेतलं की मागे सरकणारा. आणि दुसरा आपल्या आतला, आपलाच नफ्स, म्हणजे हाव धरणारं आपलं मन. अकरा महिने जे खाऊ घातलं त्यावर तो पोसलेला असतो. बाहेरचा गप्प झाला तरी याचं चालूच. मी विचारलं, दोन्हींतला फरक ओळखायचा कसा? ते म्हणाले, बुजुर्गांनी एक खूण सांगितलीय. शैतानाला अमुकच गुनाह हवा असं नसतं, त्याला तुला फक्त पाडायचंय. एका ठिकाणी तू नाही म्हणालास की तो दुसरं काही पुढे करेल. नफ्सचं तसं नाही, नफ्स अंगावर पिणाऱ्या पोरासारखा. त्याला तेच हवं, आत्ताच हवं, आणि जितकं पाजत जाल तितकं जास्त. तोडलं की चार दिवस रडतो, मग तुटतो.

माझ्या डोक्यात रोज तेच चित्र, तोच विमानतळ. म्हणजे हा बाहेरचा कुणी नव्हता, घरचाच होता. हे कळल्यावर उलट बरं वाटलं. घरच्याशी कसं वागायचं ते थोडंफार तरी ठाऊक असतं.

त्यानंतर मी स्वतःवर जरा पाळत ठेवली. इमाम गज़ालींनी फार बारकाईनं सांगून ठेवलंय की मनात आलेली गोष्ट लगेच गुनाह होत नाही. आधी नुसती चाहूल असते, मग ती घोळू लागते, मग कल तयार होतो आणि शेवटी पक्का इरादा. नुसत्या आलेल्या विचाराची पकड नाही. हदीसमध्ये स्पष्ट आहे की या उम्मतच्या, म्हणजे पैगंबर साहेबांच्या अनुयायांच्या, मनात येणाऱ्या गोष्टी माफ आहेत, जोवर त्या बोलल्या किंवा केल्या जात नाहीत. आणि वाईट करायचं मनात आणून अल्लाहसाठी सोडून दिलं तर उलट एक पूर्ण नेकी लिहिली जाते. हे ठाऊक नसलं की माणूस पहिल्याच पायरीला खचतो. मनात आलंच ना, मग मी गेलोच, आता काय उरलं, असं म्हणत पुढच्या पायऱ्या धाडधाड उतरतो. मी नीट बघितलं तर चित्र ही माझी पहिली पायरी होती. दुसरी पायरी गणिताची. सिग्नलला थांबल्या थांबल्या मी दहा हजार गुणिले बारा करत होतो. तिसरी पायरी मोबाइलवर.

यूट्यूबवर मी शोधत होतो: सप्लायरनं खुशीनं दिलेली भेट जायज आहे का. जरा शब्द बघा. 'खुशीनं'. 'भेट'. खरेदीचा अधिकार माझ्या हातात आहे, दर ठरवायचा महिना चालू आहे, हे त्या सवालात कुठेच नव्हतं. मुफ्तीला अर्धीच हकीकत सांगायची आणि पूर्ण सुटका मागायची! तिथेच मी मोबाइल उलटा ठेवला. जो सवाल विचारताना माणूस शब्द निवडून घेतो, त्याचं उत्तर त्याला आधीच माहीत असतं.

आणि कारणं तर काय, रांग लावून उभी होती. सगळेच घेतात. सप्लायर स्वतःच्या नफ्यातून देतोय, कंपनीचं काय जातंय? पेपरात रंगेहाथ पकडल्याच्या बातम्या येतात त्या तलाठ्याच्या, हवालदाराच्या. १९८८ चा भ्रष्टाचाराचा कायदा लोकसेवकांसाठी, मी कुठे सरकारी नोकर आहे? हे शेवटचं कारण मला फारच वजनदार वाटायचं. पण इथे कोर्टाचा प्रश्नच कुठे होता? रिश्वत देणारा आणि घेणारा दोघांवर पैगंबर साहेबांनी (स.) लानत केली आहे. त्यात पगार सरकारी की खासगी अशी फोड नाही.

जिच्यापुढे माझी सगळी कारणं आडवी झाली ती मात्र वेगळीच हदीस. पैगंबर साहेबांनी (स.) अज्द कबिल्यातल्या एका माणसाला जकात (धर्मानं बंधनकारक केलेलं दान) वसूल करायला पाठवलं. इब्नुल लुतबिय्या त्याचं नाव. तो परत आला आणि म्हणाला, हे तुमचं, आणि हे मला भेट मिळालंय. हुजूर (स.) मिंबरवर (मशिदीतल्या प्रवचनाच्या चौथऱ्यावर) चढले आणि म्हणाले, हा आपल्या बापाच्या, आपल्या आईच्या घरी का बसून राहिला नाही? मग बघितलं असतं, भेट घेऊन कोण येतंय ते!

चौदाशे वर्षांपूर्वीचं हे बोलणं अंबडच्या परचेस खात्यात जसंच्या तसं बसतं. मी नोकरी सोडून घरी बसलो तर हा सप्लायर अम्मीच्या उमऱ्याची विचारपूस करायला येईल? साधा ईद मुबारकचा मेसेजसुद्धा करणार नाही. रुपया माझ्यासाठी नाहीच, तो खुर्चीसाठी आहे. आणि खुर्ची कंपनीची.

दुसरी एक हदीस आहे, तिच्यावरून मी स्वतःपुरती एक कसोटी काढली. गुनाह म्हणजे जे तुझ्या छातीत खुपतं आणि लोकांना कळू नये असं तुला वाटतं. आमच्या तुलनेच्या तक्त्यात अगदी उजवीकडे 'रिमार्क्स'चा रकाना असतो. पेमेंट साठ दिवस, वाहतूक सप्लायरची, वगैरे तिथे लिहायचं. मी मनात तिथे लिहून बघितलं: 'पर बॉक्स एक रुपया परचेसवाल्याच्या आईच्या उमऱ्यासाठी.' आता हा कागद सहीला न्यायचा.

घरी बायकोला सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "अम्मींना विचारलंत का, कुणाच्या पैशानं जायचंय ते?" अम्मीला सरळ विचारायची माझी छाती नव्हती. इफ्तारनंतर आडून आडून म्हटलं की उमऱ्याचं काहीतरी जमवतोय. अम्मी खजुराच्या बिया गोळा करत होती. म्हणाली, "मी अर्ज केलाय का तुझ्याकडे? बुलावा त्याचा यायला हवा. तू कशाला मध्ये दलाली करतोस?" दलाली हा शब्द तिनं सहज वापरला, पण माझ्या घशाखाली सरबत उतरेना. मुस्लिमच्या संग्रहात एक हदीस आहे: लांबच्या सफरीवरचा, धुळीनं माखलेला माणूस आसमानाकडे हात करून 'या रब, या रब' म्हणतोय, पण त्याचं खाणं हरामचं, पिणं हरामचं, कपडा हरामचा, मग त्याची दुआ कबूल व्हायची कुठून? तो कपडा मी माझ्या आईच्या अंगावर चढवायला निघालो होतो.

त्याच सुमारास तरावीहमध्ये सूरह यूसुफ आली. अरबी समजत नाही, पण यूसुफचा (अ.) किस्सा घराघरात ठाऊक असल्यामुळे कुठे काय चाललंय ते कळतं. मिसरच्या अज़ीज़ची (बड्या अंमलदाराची) बीवी त्यांना मोहात पाडायला दरवाजे लावून घेते, यूसुफ (अ.) म्हणतात, अल्लाहची पनाह. आणि मग दोघंही दरवाजाकडे धावतात. मी हे कैक वेळा ऐकलंय, पण दरवाजे बंद आहेत हे माहीत असून यूसुफ (अ.) धावले याच्याकडे माझं लक्ष त्या रात्री पहिल्यांदा गेलं. ते तिथेच बसून तिला समजावत राहिले नाहीत, माझं मन किती मजबूत आहे बघ असंही दाखवलं नाही. पाय उचलले. पुढे जाऊन तर ते म्हणतात की या बायकांचा डाव तू माझ्यापासून फिरवला नाहीस तर मीही त्यांच्याकडे झुकेन. पैगंबर असून स्वतःच्या चारित्र्यावर भिस्त नाही, आणि आम्ही म्हणे 'रोजा आहे' एवढ्यावर निभावणार.

कुरआनचा तेरावा पारा (भाग) ज्या आयतीनं सुरू होतो ती याच सूरतमधली: मी माझ्या नफ्सला निर्दोष म्हणत नाही, नफ्स तर वाईटाचाच हुकूम करतो. हे बोल यूसुफचे (अ.) की अज़ीज़च्या बीवीचे, यावर मुफस्सिरांची (कुरआनच्या भाष्यकारांची) दोन मतं आहेत. मला दोन्ही चालतात.

दुसऱ्या दिवशी मी ईदची वाट न बघता सप्लायरला बोलावलं. केबिनचं दार सताड उघडं ठेवलं आणि शेजारच्या टेबलावरच्या ज्युनिअरला म्हटलं, तूही बस. मग सप्लायरला सांगितलं, "तुम्ही तो एक रुपया म्हणाला होतात ना, तो दरातून कमी करा. नवं कोटेशन मेलवर टाका."

तो हसला, आणि ज्युनिअरकडे एकदा बघून हळूच म्हणाला, "कळलं साहेब. दीड करू."

त्याला वाटलं मी भाव वाढवतोय! खरं सांगतो, अशा वेळी आयतबियत काही आठवत नाही. मी म्हटलं, "मग दीड कमी करा." आता मात्र त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. संध्याकाळी कोटेशन आलं, साठ पैसे कमी करून. त्या रुपयातल्या बाकीच्या चाळीस पैशांचं काय झालं ते त्यालाच ठाऊक. आईचं पुण्य बहुतेक साठ पैशांपर्यंतच परवडत होतं.

त्यानंतर काही साध्या गोष्टी बदलल्या. सप्लायरला भेटायचं ते रिसेप्शनपाशी, उघड्यावर. माझा खासगी नंबर बंद, कंपनीच्या फोनवर बोला. टपरीवर घरचं काही बोलायचं नाही. हे सगळ्यांत जड गेलं, कारण मी मुळात बडबड्या. 'जिनाच्या (व्यभिचाराच्या) जवळ जाऊ नका' असं कुरआन म्हणतं, नुसतं 'करू नका' नाही, आणि ती रीत प्रत्येक गुनाहाला लागू पडते असं मला वाटतं. जवळ जायच्या वाटा आधीच बुजवल्या की ऐनवेळी शूरपणा करावा लागत नाही. शूरपणावर माझा विश्वास नाही.

एप्रिलमध्ये जे झालं ते पैशाच्या मोहापेक्षा कठीण निघालं, आणि त्यात पैसा नव्हताच.

त्याच सप्लायरचा लॉट आला. करार १५० जीएसएम कागदाचा, म्हणजे एका चौरस मीटरला १५० ग्रॅम वजनाच्या. तपासायची पद्धत अशी: खोक्याचा तुकडा पाण्यात भिजत घालायचा, पदर सुटे झाले की वाळवायचे, मग गोल कटर दाबून फिरवला की बरोबर १०० चौरस सेंटिमीटरची चकती निघते. ती नाजूक काट्यावर ठेवायची. जितके ग्रॅम भरतील त्याला १०० नं गुणलं की जीएसएम. म्हणजे चकती दीड ग्रॅमची हवी. काटा १.२८ वर थांबला. दुसरी चकती कापली, १.२७. बोटांत धरली तर फरक कळणारही नाही, पण वरखाली रचलेली खोकी पावसाळी हवेत दबायला तेवढा पुरतो.

लॉट परत करावा तर डिस्पॅच अडणार. प्रॉडक्शनचे साहेब येऊन उभे. "अरे, कंटेनर उद्या लागतोय. पास करून टाक ना, कागदच तर आहे." ते काही रिश्वत देत नव्हते. शिव्या खायच्या त्यांनाच होत्या, माणूस सज्जन. मला फक्त १.५ लिहायचं होतं. ना कुणाचं पाकीट, ना कुणाचा रुपया, उलट कंपनीचंच काम. त्या क्षणी मला हाफिजसाहेबांची खूण आठवली: एका ठिकाणी नाही म्हणालास की दुसरं पुढे करेल. रमजान संपला होता, जंजीर सुटली होती.

'वैलुल लिल मुतफ्फिफीन', कुरआन म्हणतं, माप मारणाऱ्यांचा नाश असो. घेताना भरून घेतात, देताना कमी देतात. माप सप्लायरनं मारलं होतं, पण त्यावर सही माझी पडणार होती. व्याजाबद्दलच्या हदीसमध्ये घेणारा आणि देणारा यांच्याबरोबर लिहिणारा आणि दोन्ही साक्षीदारही लानतीत धरलेत. ती व्याजाची बाब आहे, हे मान्य. पण लिहिणाऱ्याला 'मी फक्त लिहिलं' म्हणून सुटता येत नाही, एवढं मी त्यातून घेतलं.

शेवटी मार्ग निघाला तो कारखान्याच्या नेहमीच्या रिवाजातूनच. डिव्हिएशन नोट. १२८ जीएसएम आलाय, तातडीमुळे घेतोय, थर कमी रचावेत, सप्लायरचा दर या लॉटपुरता कापावा, आणि खाली प्लँट हेडची सही. तासाभराचं काम. कंटेनर वेळेवर गेला. हलाल वाट बहुतेक वेळा अशीच असते, थोडी लांबची आणि कागदपत्रांची, आणि घाईत ती दिसत नाही. घाईच तर हवी असते शैतानाला.

सप्लायरनं पुढे वर तक्रार केली की मी अडवणूक करतो. वरिष्ठांनी फाइल मागवली, बघितली, परत केली. विषय संपला.

सगळ्यांत चिवट निघालं ते याच्यानंतरचं. ज्युनिअरनं 'दीड कमी करा'चा किस्सा कॅंटीनमध्ये रंगवून सांगितला. लोक माझ्याकडे वेगळ्या नजरेनं बघू लागले आणि मला ते आवडू लागलं. दुसऱ्या खात्यात एक जण आहे, त्याच्याबद्दल कुजबुज असते. त्यानं नवी गाडी घेतली तेव्हा माझ्या जिभेवर आलं होतं, पगारात बसते का ही गाडी? चहाचा घोट घेऊन ते गिळलं. सूरह हुजुरातमध्ये एकाच आयतीत तिन्ही गोष्टी मना केल्यात: बदगुमानी (दुसऱ्याबद्दल वाईट संशय), पाळत ठेवणं आणि गीबत (पाठीमागची निंदा). गीबत म्हणजे मेलेल्या भावाचं मांस खाणं, असं तिथे म्हटलंय. रिश्वत न घेतल्याच्या जोरावर मी ते ताट पुढे ओढणार होतो. रुपयाचा मोह निदान रुपयासारखा दिसतो. हा तर तकव्यासारखाच, म्हणजे परहेजगारीसारखाच, दिसतो. त्यावर मला एकच औषध सापडलंय: तो किस्सा कुणी काढला की उठून हात धुवायला जायचं. (इथे मात्र मीच सांगत बसलोय. याचा हिशेब वेगळा होईल.)

उमऱ्यासाठी बायकोनं मोहल्ल्यातल्या बायकांच्या भिशीत नाव घातलंय. अम्मी स्वतःच्या शिलाईचे पैसे त्यात टाकते आणि मला विचारतही नाही.

बारीकसारीक गोष्टी अजून अडतात. दिवाळीला सप्लायर मिठाईचे बॉक्स आणतात. ते मी घेतो आणि शॉपफ्लोअरवर वाटतो, यावर हाफिजसाहेब राजी आहेत. पण मध्ये एका सप्लायरच्या मुलीचं लग्न निघालं. सगळ्या खात्याला पत्रिका होती. हलाल उघड आहे, हराम उघड आहे, आणि दोन्हींच्या मध्ये संशयाच्या गोष्टी आहेत, त्यांच्यापासून जो वाचला त्यानं दीन (आपला धर्म) वाचवला, ही हदीस मला पाठ आहे. दुसरीकडे दावत आली तर जावं, हेही सांगितलेलंच आहे. औरंगाबाद रोडवरच्या लॉन्सवर गेलो, पाचशे एक रुपयांचा आहेर केला, पंगतीला बसून मठ्ठा-जिलेबी जेवलो. ते जेवण बरोबर होतं की नाही, यावर हाफिजसाहेबांचं आणि माझ्या बायकोचं अजून एकमत झालेलं नाही.